मेडिसिनच्या रेसिडेंटचा आठवडा: नव्या बातम्या, वाचन आणि वॉर्डातलं शिक्षण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिसिनच्या रेसिडेंट मंडळींकडून (म्हणजे रुग्णालयात काम करत मेडिसिनचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांकडून), विशेषतः पहिल्या वर्षात असलेल्यांकडून, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी लिहायची वेळ आली, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आठवड्याचं शिक्षण म्हणजे त्यात नक्की काय काय येतं?

नावं जागोजागी बदलतात, साचा साधारण तोच असतो. सकाळचा रिपोर्ट, म्हणजे रात्री भरती झालेल्यांपैकी एक-दोन केसवर चर्चा. दुपारचं लेक्चर किंवा सेमिनार. जर्नल क्लब, म्हणजे छापून आलेल्या एखाद्या पेपरवर चर्चा. बेडसाइड क्लिनिक, म्हणजे पेशंटपाशी उभं राहून तपासणी शिकणं. ग्रँड राऊंड, म्हणजे सगळ्या विभागासमोर केसवर चर्चा. आणि अधूनमधून मृत्यू-परीक्षण सभा. वेळापत्रकात वॉर्डाचा राऊंड आणि ड्युटी बदलताना दिला जाणारा ओव्हर यांची नोंद नसते, पण रेसिडेंट सर्वांत जास्त शिकतो ते याच दोन ठिकाणी. (ओव्हरबद्दल प्रश्न १० पाहा.)

२. ड्युटीमुळे सगळं गाठता येत नाही. काय सोडलं तर चालेल?

लेक्चर सोडा. त्यातली माहिती पुस्तकात आहे, स्लाइडही नंतर मिळतात. बेडसाइड क्लिनिक मात्र सोडू नका. आज ज्या पेशंटला मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची झडप अरुंद होण्याचा) मिड-डायास्टोलिक मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, आहे, तो परवा घरी जाईल आणि मर्मर त्याच्याबरोबर जाईल. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची बेल एपेक्सवर (हृदयाच्या टोकाशी) अलगद टेकवून तो एकदा स्वतः ऐकलेला असला, की मग त्याचं वर्णन वाचण्यात अर्थ आहे.

दुसरी न सोडायची गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः भरती केलेल्या पेशंटवरची चर्चा, मग ती कुठेही होवो.

३. सकाळच्या रिपोर्टला केस सांगताना मध्येच थांबवतात. नीट कशी मांडायची?

बहुतेक जण फाइल वाचून दाखवतात, म्हणून थांबवलं जातं. 'पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, डायबेटिस दहा वर्षं, बीपी पाच वर्षं, तंबाखू नाही, दम, खोकला, पायावर सूज, हिमोग्लोबिन अमुक, क्रिएटिनिन तमुक…' इथवर येईपर्यंत ऐकणाऱ्याला तुम्हाला काय वाटतं याचा पत्ता नसतो. कारण तुम्हीही अजून ठरवलेलं नसतं.

आता हीच केस अशी ऐका: 'पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, चार दिवसांत वाढत गेलेला दम. उताणं झोपता येत नाही, मानेची शीर अर्धवट बसवल्यावरही कानाच्या पाळीपर्यंत भरलेली दिसते, तिसरा ध्वनी ऐकू येतो. मला हार्ट फेल्युअर वाटतं. पण ताप १०१ आहे आणि उजवीकडे खाली ब्राँकियल ब्रीदिंग आहे, म्हणून न्यूमोनियामुळे बिघडलं असावं. हार्ट अ‍ॅटॅक ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही बघून बाजूला ठेवला आहे. माझा प्रश्न असा, की प्रेशर ९६ असताना फ्युरोसेमाइड किती द्यायचं?'

दुसऱ्या पद्धतीत माहिती कमीच आहे. पण निदान आहे, निदानाला छेद देणारी गोष्ट आहे, काय बाजूला ठेवलं आणि का हे आहे, आणि शेवटी खराखुरा प्रश्न आहे. चर्चा त्या प्रश्नावर होते. प्रश्न नसेल तर चर्चा तुमच्या हिस्टरीतल्या फटींवर होते, आणि त्या कोणाच्याही हिस्टरीत सापडतात.

४. सगळ्यांसमोर 'माहीत नाही' म्हटलं तर चालतं का?

चालतं. मात्र पुढे 'मला वाटतं अमुक असावं, कारण…' एवढं जोडा. न तपासलेली गोष्ट तपासली म्हणून सांगणं अजिबात चालत नाही. 'प्लँटर (तळपाय खरवडल्यावर अंगठा कुठे वळतो ती तपासणी) पाहिलेला नाही' हे वाक्य कितीही ओशाळवाणं असलं तरी सुरक्षित आहे. 'प्लँटर फ्लेक्सर' असं न पाहता सांगितलं, तर पुढचे तिघेजण त्यावर विसंबून निर्णय घेतात.

५. दर आठवड्याला इतकं नवीन छापून येतं. त्यातलं वाचायचं काय?

एक मोठं साप्ताहिक जर्नल निवडा आणि त्याच्या अनुक्रमणिकेवरून नजर फिरवा. चार-पाच सारांश वाचा. पूर्ण वाचायचा पेपर एकच, आणि तो शक्यतो सध्या तुमच्या वॉर्डात असलेल्या एखाद्या पेशंटशी जुळणारा. कॉटवर माणूस असताना वाचलेला पेपर आणि नुसताच वाचलेला पेपर यांत फार फरक पडतो. वाचलेलं लक्षात कसं ठेवायचं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

जर्नलखेरीज दोन ठिकाणी लक्ष असू द्या. एक, औषध-नियामकांनी काढलेले सुरक्षिततेचे इशारे. दोन, तुमच्याच रुग्णालयाचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं अँटिबायोटिक किती चालतं याचा तक्ता. याकडे रेसिडेंट सहसा ढुंकूनही बघत नाहीत. माझ्या मते वॉर्डाच्या दृष्टीने याहून कामाची बातमी नसते: तुमच्याकडच्या लघवीच्या नमुन्यांतला ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सासिनला किती दाद देतो, हे परदेशातला कुठलाही पेपर सांगणार नाही. वाचताना एवढं बघा, की त्या जंतूचे निदान ३० नमुने आहेत ना, आणि एका पेशंटचा एकच नमुना धरला आहे ना. तसं नसेल तर पाच पेशंटचे वारंवार पाठवलेले कल्चर मिळून टक्केवारी फुगते. आणि आयसीयूचे आकडे वॉर्डापासून वेगळे काढलेले असतील, तर आपले कोणते ते ओळखा.

६. जर्नल क्लबला पेपर माझ्याकडे आला आहे. सांगायचा कसा?

जर्नल क्लबची प्रथा जुनी आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तो सुरू केला, त्यात महागडी नियतकालिकं वर्गणी काढून घेता यावीत हाही हेतू होता. आज नियतकालिकं मिळतात, वाचायला वेळ मिळत नाही. त्यामुळे पेपरचा सारांश वाचून दाखवणारा वक्ता सगळ्यांचा तासभर वाया घालवतो.

प्रश्न काय होता, कोणावर प्रयोग केला, कशाशी तुलना केली, काय मोजलं, हे चार मिनिटांत सांगा. उरलेला वेळ एकाच तक्त्यावर घालवा. कोव्हिडच्या उपचारांवरच्या रिकव्हरी चाचणीतला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा भाग घ्या. २०२० साली तो आला. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. कोव्हिडच्या सगळ्या भरती पेशंटमध्ये मिळून २८ दिवसांतले मृत्यू २५.७ टक्क्यांवरून २२.९ वर आले. एवढंच सांगितलं तर 'कोव्हिडला स्टेरॉइड द्या' असा निष्कर्ष निघतो. आता तक्ता उघडा. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत ४१.४ वरून २९.३. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात १४.० वरून १७.८, म्हणजे फायदा नाहीच, उलट आकडा नुकसानीकडे झुकलेला (संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो फरक ठाम धरता येत नाही, हेही सांगायचं). घरी बसलेल्या, सॅच्युरेशन ९८ असलेल्या माणसाला स्टेरॉइड का द्यायचं नव्हतं, याचं उत्तर या तिसऱ्या ओळीत होतं आणि ते पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं.

शेवटी समोरच्यांना एक पेशंट द्या, वय आणि ऑक्सिजनची गरज सांगा, आणि विचारा: याला द्याल?

७. 'धोका २६ टक्क्यांनी कमी' असं लिहिलेलं असतं. ते किती मोठं समजायचं?

नुसत्या त्या आकड्यावरून सांगताच येत नाही. डापा-एचएफ चाचणीत (२०१९) इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण) कमी असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटना डापाग्लिफ्लोझिन दिलं. हार्ट फेल्युअर बिघडणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी काहीतरी झालेले प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटात २१.२ टक्के होते, औषधाच्या गटात १६.३. सापेक्ष घट २६ टक्के. प्रत्यक्ष फरक ४.९. म्हणजे साधारण दीड वर्षं २१ जणांना औषध दिलं, तर एकाच्या बाबतीत ती घटना टळते. हार्ट फेल्युअरमध्ये ही उत्तम कमाई आहे. पण मूळ धोकाच १ टक्का असलेल्या गटात हीच २६ टक्के घट म्हणजे एकासाठी जवळजवळ चारशे जणांना औषध.

सवय अशी लावा: टक्क्यांतली घट दिसली की दोन्ही गटांचे मूळ आकडे शोधायचे, वजाबाकी करायची, १०० ला तिने भागायचं, म्हणजे एकाचा फायदा व्हायला किती जणांना औषध द्यावं लागतं ते कळतं. आणि 'किती काळात' हे विसरायचं नाही.

८. मोठी बातमी आली की वॉर्डात लगेच उपचार बदलायचे का?

क्वचित. २००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथल्या एका सर्जिकल आयसीयूतून निष्कर्ष आला, की इन्शुलिन इन्फ्युजनने साखर ८० ते ११० मध्ये आवळून ठेवली तर आयसीयूतले मृत्यू ८.० वरून ४.६ टक्क्यांवर येतात. जगभर आयसीयूंनी ते उचललं. २००९ मध्ये नाइस-शुगर ही सहा हजारांहून जास्त पेशंटची, अनेक केंद्रांमधली चाचणी आली. त्यात आवळलेल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू २७.५ टक्के निघाले आणि १८० पर्यंत सैल सोडलेल्या गटात २४.९. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५.

एकच केंद्र, एकाच प्रकारचे पेशंट आणि अपेक्षेपेक्षा मोठा फायदा, हे तिन्ही जुळून आलं की थांबा. चौथी धोक्याची खूण म्हणजे रक्तातला किंवा ईसीजीवरचा आकडा सुधारला म्हणून माणूस सुधारला असं धरून चालणं. हार्ट अ‍ॅटॅकनंतरचे व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक (हृदयाचे अवेळी पडणारे ठोके) दाबणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं एक्टोपिक छान दाबत होती. कास्ट चाचणीत १९८९ साली कळलं, की ती घेणारे जास्त संख्येने मरत होते.

याला अपवाद आहे तो नुकसानीच्या बातमीचा. औषधाबद्दल नियामकाचा इशारा आला, की त्याच दिवशी वॉर्डातले चार्ट काढून बघायचे.

९. वाचतो, पण आठवड्यानंतर काहीच आठवत नाही. काय करू?

परत वाचू नका. पुस्तक मिटा आणि आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग यासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने उलटं झालं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचताना 'हे येतंय' असं वाटतं, ते पाच मिनिटांपुरतं खरं असतं.

वॉर्डात हे करायला वेगळा वेळ लागत नाही. खिशातल्या वहीत रोज एका पेशंटपुढे एक प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, 'बेड ९: सिरोसिसमध्ये (यकृताच्या जुन्या आजारात) एसाइटिसचं, म्हणजे पोटात साठलेलं, पाणी काढलं तर अल्ब्युमिन कधी आणि किती?' रात्री उत्तर शोधा (५ लिटरपेक्षा जास्त काढलं, तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम). सकाळी त्याच बेडपाशी ते इंटर्नला न बघता सांगा. आठवड्याच्या शेवटी उत्तरं झाकून नुसते प्रश्न वाचा. वहीत पेशंटचं नाव लिहायचं नाही. कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. ओव्हर देणं हे काम झालं. त्यात शिक्षण कसलं?

अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत रेसिडेंटना ठरावीक साच्यात ओव्हर द्यायला शिकवलं. आय-पास हे त्या साच्याचं नाव. २०१४ च्या अहवालानुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगं नुकसान ३० टक्क्यांनी घटलं, तेही ओव्हरचा वेळ न वाढता. साच्यात पाच गोष्टी येतात: पेशंट किती आजारी, थोडक्यात हकिगत, करायची कामं, 'असं झालं तर तसं करा', आणि ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगणं.

'बेड ७ चे आजोबा, जीआय ब्लीड, स्टेबल आहेत, बघ जरा' हा ओव्हर नेहमी ऐकू येतो. त्याऐवजी: 'बेड ७, लक्ष ठेवण्याजोगे. बासष्ट वर्षं, काल रक्ताची उलटी, एंडोस्कोपीत ड्युओडेनल अल्सर, क्लिप लावली. रात्री ११ ला हिमोग्लोबिन पाठवायचं. ७ च्या खाली आलं तर रक्त द्यायचं, दोन पिशव्या क्रॉसमॅच करून ठेवल्या आहेत. परत उलटी झाली किंवा प्रेशर पडलं तर हिमोग्लोबिनची वाट बघू नकोस, एंडोस्कोपीच्या ऑन-कॉलला फोन कर, त्यांना कल्पना आहे. हृदयविकार नाही. आता तू सांग.'

'असं झालं तर' हे वाक्य तयार करायला पुढच्या बारा तासांत आजार कुठे जाऊ शकतो याचा विचार करावा लागतो. मेडिसिन शिकणं म्हणजे बरंचसं हेच.

११. नाइट संपल्यावर सकाळच्या क्लासला बसावं का?

नको. झोपा. तुमच्या पेशंटवर चर्चा असेल तर तेवढ्यापुरते थांबा. आणि घरी स्वतः गाडी चालवत जाणार असाल, तर आधी अर्धा तास ड्युटी रूममध्ये पडा.

१२. दर महिन्याला शिकवायला हायपोनेट्रेमियाच (रक्तातलं सोडियम कमी होणं) का? तो तर येतो.

सूत्र येतं. पहाटे चारला निर्णय येतो का, हा प्रश्न आहे. एक केस बघा.

थायाझाइड (लघवी वाढवणारं औषध) घेणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या बाई, गोंधळलेल्या, सकाळी ८ ला सोडियम ११२, पोटॅशियम २.९. पोटॅशियम कमी म्हणजे ऑस्मोटिक डिमायलिनेशनचा (सोडियम झपाट्याने चढल्यामुळे मेंदूला होणाऱ्या इजेचा) धोका जास्त, म्हणून सोडियम २४ तासांत ८ पेक्षा जास्तीने चढवायचं नाही. तेव्हा फाइलवर लिहा: 'उद्या सकाळी ८ पर्यंत कमाल १२०'. दुपारी २ ला सोडियम ११७. सहा तासांत पाच चढलं. सगळे खूश, बाई बोलायला लागल्या. त्याच वेळी नर्स सांगतात की लघवी तासाला ४०० मिलिलिटर होते आहे आणि पाण्यासारखी पातळ आहे.

धोक्याची घंटा ती लघवी आहे. शरीर आता नुसतं पाणी बाहेर टाकतंय, सलाइन बंद केलं तरी सोडियम चढतच राहणार. इथे सीनियरला बोलवायचं, दर दोन तासांनी सोडियम पाठवायचं, आणि डेक्स्ट्रोजचं पाणी किंवा डेस्मोप्रेसिन (लघवीतून पाणी जाणं रोखणारं औषध) द्यायचं का हे ठरवायचं. आणखी एक खाचखळगा: सकाळपासून जे पोटॅशियम चालू आहे, तेही सोडियम वाढवतं. वरच्या हिशेबात ते कोणी धरलं होतं का? बहुतेक वेळा नसतं. म्हणून दर महिन्याला हायपोनेट्रेमिया.

१३. मृत्यू-परीक्षण सभेत माझ्या पेशंटची केस आहे. बचाव कसा करू?

बचाव करायला जाऊ नका. घटना घड्याळाप्रमाणे मांडा: किती वाजता काय दिसलं, तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं, काय नव्हतं. नंतर कळलेली गोष्ट आधी कळलेली म्हणून सांगायची नाही. शेवट ठाऊक असला की सगळंच उघड दिसतं, आणि सभेतले अर्धे लोक त्याच भरात बोलतात. 'लक्ष द्यायला हवं होतं' या निष्कर्षावर सभा संपली तर ती फुकट गेली. 'पोटॅशियम ६.८ चा रिपोर्ट प्रयोगशाळेत दीड तास पडून होता, आता असा रिपोर्ट आला की फोन करायचाच' इथवर पोचली तर उपयोग झाला.

सभा माणसांवर घसरत असेल तर तिथे वाद घालू नका. चालवणाऱ्या वरिष्ठांना नंतर भेटून सांगा.

१४. गाइडलाइन एक सांगते, आमचे सर दुसरं सांगतात. ऐकायचं कोणाचं?

आधी गाइडलाइनमधलं ते वाक्य पूर्ण वाचा. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या अवस्थेत) पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर फ्लुइड द्या, ही सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनची शिफारस २०१६ च्या आवृत्तीत 'ठाम' होती. २०२१ मध्ये तीच 'दुर्बळ' झाली. मजकूर जवळपास तोच, वजन वेगळं. दुर्बळ शिफारशीचा अर्थ असा, की समोरच्या माणसाकडे बघून ठरवा. डायलिसिसवर असलेल्या, फुप्फुसात पाणी भरलेल्या पेशंटला सर अर्धा लिटर देऊन परत तपासायला सांगत असतील, तर ते गाइडलाइनच्या विरोधात नाहीत.

ठाम शिफारस असेल आणि तरीही सर वेगळं सांगत असतील, तर विचारा: 'सर, या पेशंटमध्ये असं काय आहे की आपण वेगळं करतोय?' बहुतेक वेळा उत्तर मिळतं आणि ते शिकण्यासारखं असतं. पेशंटला तातडीचा धोका दिसत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मानापमान बाजूला ठेवून दुसऱ्या वरिष्ठांशी लगेच बोला.

१५. चांगला एक्स-रे किंवा रॅश आहे. ग्रुपवर टाकू का?

पेशंटची परवानगी नसेल तर नाही. नाव कापलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. गोंदण, चेहऱ्याचा भाग, कोपऱ्यातली तारीख, दुर्मिळ आजार आणि वॉर्डाचा पत्ता एवढ्यावर माणूस ओळखता येतो. परवानगी घेऊन विभागाच्या अधिकृत संग्रहात ठेवा, तिथून शिकवा. स्वतःच्या फोनच्या गॅलरीत पेशंटचे फोटो साठवू नका.

१६. एआय चॅटबॉटला केस विचारून शिकलं तर काय बिघडलं?

पेशंटची ओळख पटेल असं काही त्यात घालायचं नाही, हे वरच्या उत्तरावरून कळलंच असेल. निदानाच्या शक्यता आठवायला, किंवा 'मला हायपरकॅल्सेमियावर प्रश्न विचार' असं सांगून स्वतःची परीक्षा घ्यायला ते बरं आहे. डोस आणि संदर्भ यांसाठी भरवसा ठेवू नका. अस्तित्वात नसलेल्या पेपरचं नाव ते तितक्याच आत्मविश्वासाने सांगतं. आणि आधी स्वतःचं निदान लिहा, मग विचारा. उलट क्रमाने केलंत तर सकाळच्या रिपोर्टला तुमच्याकडे स्वतःचं मत उरत नाही.

१७. परीक्षेचे तीन महिने राहिले. आता हे सगळं बंद करून नुसतं पुस्तक धरू का?

जर्नल आणि नव्या चाचण्या कमी करा. प्रश्न ९ मधली वही चालू ठेवा. बेडसाइड क्लिनिक वाढवा, कारण परीक्षेत लाँग केस (एका पेशंटची पूर्ण तपासणी करून मांडलेली केस) हीच मांडायची असते आणि ती प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणेच मांडली जाते. रोज एक केस, वेळ लावून, एखाद्या कडक सहकाऱ्यासमोर. तपासणीला किती मिनिटं लागली ते त्याला मोजायला सांगा. न्यूरोलॉजीच्या केसमध्ये सेन्सरी तपासणीवर सगळ्यांचा वेळ जातो आणि फंडस (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) बघायचा राहतो.